आपला पहिला प्रसंग चुकला, मंत्रीमहोदय

प्रति,
मा. मंत्रीमहोदय,
महाराष्ट्र राज्य

विषय : १२ मार्चच्या कार्यक्रमात दिलेला शब्द आणि एक सिनेमा

सन्माननीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

वर आपलं नाव मुद्दामच घातलेलं नाही. नाव घातलं की पत्र कुठल्या पक्षाच्या माणसाने लिहिलं याचीच चर्चा होते आणि मजकूर बाजूला राहतो. गेल्या वर्षी १२ मार्चला आपण ज्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर शाल टाकून कानाशी वाकून बोललात, तो मी. आपण उजव्या कानाशी बोललात. तो कान १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांपासून बंद आहे. पण डावीकडे आपले स्वीय सहायक उभे होते, त्यांनी मोठ्याने तेच पुन्हा सांगितलं: "काका, पंधरा दिवस द्या, साहेब करतायत."

त्या पंधरा दिवसांना आता वर्ष होत आलं. उत्तर आलंच नाही असं मात्र नाही. परवा आलं. 'आपल्या अर्जात खालीलप्रमाणे त्रुटी आढळून आल्या आहेत.' मार्च १९९३ चं रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, मूळ प्रतीत. पंचनाम्याची साक्षांकित प्रत. आणि सध्याचे आजार हे त्याच घटनेतील जखमांमुळे उद्भवले असल्याबाबत वैद्यकीय प्रमाणपत्र. सात दिवसांत पूर्तता न केल्यास प्रकरण निकाली काढण्यात येईल. पत्रावर तारीख होती आणि ते माझ्या हातात पडलं तेव्हा त्यातले पाच दिवस टपालात गेले होते.

मूळ प्रतीचं सांगतो. त्या दिवशी वॉर्डात खाट नव्हती, जमिनीवरसुद्धा माणसाला माणूस लागून होतं. एका सिस्टरने माझ्या मनगटावर निळ्या पेनाने आकडा लिहिला. माझी मूळ प्रत ती. तिसऱ्या दिवशी अंग पुसताना ती गेली. पुढे जे कार्ड मिळालं ते २६ जुलै २००५ च्या पुरात भावाच्या घरी, कलिन्याला, बाकीच्या कागदांबरोबर भिजून लगदा झालं. आता त्या पुराचाही पंचनामा मागाल, म्हणून आधीच सांगून ठेवतो: तोही नाही.

आता सिनेमाकडे येतो, कारण कार्यक्रम सिनेमाचाच होता. आम्ही तोंडी लावायला होतो. त्याच स्फोटांवरच्या 'ब्लॅक फ्रायडे'चा मोफत खेळ, कॉलेजची मुलं, बाहेर आपले फलक, आणि निमंत्रणपत्रिकेवर 'वीरांचा सन्मान'. मी वीर नव्हे हो. मी सत्तावीस वर्षांचा कारकून होतो, साहेबांचं चलन भरायला बँकेत चाललो होतो. वरळीला सेंच्युरी बाजारसमोर पावणेतीनच्या आसपास रस्ता फाटला. शेअर बाजारात दीडलाच बॉम्ब फुटला होता, पण तेव्हा खिशात मोबाइल नव्हते, आम्हाला कोण सांगणार? तिथे शंभरावर माणसं गेली. माझ्या मानेत, पाठीत, मांडीत काचा गेल्या. शेवटची काच २०११ साली दाढी करताना मानेतून आपली आपण बाहेर आली. बायकोने ती कुंकवाच्या डबीत ठेवली आहे. पुरावा म्हणून चालेल का, विचारून सांगा.

आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं होतं. ज्याच्या कानाचे पडदे स्फोटात गेले त्याला आधुनिक ध्वनियंत्रणेच्या थिएटरात पहिल्या रांगेत बसवून तोच स्फोट ऐकवायचा, ही कल्पना कुणाची होती ते कळलं तर त्यालाही एक शाल द्यावी म्हणतो. माझ्या शेजारच्या बाई पदर तोंडात धरून बसल्या होत्या. त्यांचा मुलगा गेला त्या दिवशी. मध्यंतरात कुणीतरी त्यांना समोसा आणून दिला.

आपण पंचवीस मिनिटं उशिरा आलात. कामं असतात, मान्य. पण त्यामुळे आपला पहिला प्रसंग चुकला, आणि नेमका तोच आपण पाहायला हवा होता. चौकीत पोलीस एका पोराला झोडपतायत आणि तो सांगतोय की शहरात बॉम्ब फुटणार आहेत, जागांची नावंसुद्धा घेतोय. कुणी खरं मानत नाही. हा दिग्दर्शकाचा कल्पनाविलास नाही. तो माणूस खरोखर ९ मार्चला पोलिसांच्या हातात होता. ९, १०, ११, १२. तीन दिवस होते, साहेब. मी १२ तारखेला आजारी पडून घरी राहिलो असतो एवढंसुद्धा पुरलं असतं.

नंतर आपण माइक घेतलात आणि म्हणालात की असेच खमके पोलीस हवेत. टाळ्या पडल्या. मारहाणीच्या प्रसंगांना तर मुलांनी शिट्ट्याच मारल्या होत्या. मी हा सिनेमा तीनदा पाहिला आहे आणि माझं मत असं की तो शिट्ट्यांसाठी केलेला नाही. आरोपींच्या घरच्या बायकांना चौकीत आणून जे चालतं ते पाहताना केके मेननने केलेल्या तपास अधिकारी राकेश मारियाचा चेहरा बघा. त्या माणसाला आपण काय करतोय ते कळतंय. दिग्दर्शक अनुराग कश्यपने रक्त भरपूर दाखवलंय, पण ते चव घेत दाखवलेलं नाही. आणि शेवटी तो गोष्ट मागे नेतो, डिसेंबर ९२-जानेवारी ९३ च्या मुंबईतल्या दंगलीत. तेव्हा आपण गाडीत बसला होतात. म्हणजे सुरुवातही गेली आणि शेवटही. मधली मारहाण तेवढी पाहिलीत.

तरी त्या सिनेमाबद्दल माझी एक तक्रार आहेच. त्यात आरोपींना नावं आहेत, पोलिसांना नावं आहेत. पवन मल्होत्राने केलेला, स्फोट घडवणारा टायगर मेमन मरेपर्यंत विसरता येणार नाही. आम्ही मात्र धूर आहोत. आम्ही किंकाळी आहोत, रस्त्यावरची चप्पल आहोत. दोष दिग्दर्शकाचा नाही, त्याच्यासमोर हुसेन झैदींचं पुस्तक होतं आणि पुस्तक तपासाचं होतं. जखमींचं पुस्तक कोण लिहितो? ते काम सरकारी यादीने करायचं असतं. अधिकृत आकडा २५७ मृत आणि ७१३ जखमी. त्या ७१३ त मी आहे की नाही हे तुम्हाला अजून ठरवता येत नाही.

सिनेमाचीही गंमत पाहा. २००४ साली तो तयार होता, लोकार्नोच्या महोत्सवात दाखवलाही गेला. २८ जानेवारी २००५ ला इथे लागायचा होता, तर आरोपी उच्च न्यायालयात गेले आणि खटल्याचा निकाल लागेपर्यंत स्थगिती मिळाली. तेव्हा मी तणतणलो होतो. आज वाटतं, न्यायालयाचं बरोबर होतं. निकालाआधी पडद्यावर कुणाला दोषी ठरवू नये. पण निकाल कधी लागायला सुरुवात झाली? १२ सप्टेंबर २००६. साडेतेरा वर्षं! आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात १२३ आरोपी, त्यातले १०० दोषी. सिनेमा शेवटी ९ फेब्रुवारी २००७ च्या शुक्रवारी लागला. पुस्तक लिहून झालं, सिनेमा काढून झाला, परदेशात दाखवून झाला, आणि न्यायालयाचं काम चालूच. त्या सगळ्या वर्षांत आम्हाला साक्षीचं समन्स आलं तेवढंच. माझी उलटतपासणी झाली तेव्हा मला विचारलं, गाडीचा रंग कोणता होता. मला त्या दिवशी माझ्या सदऱ्याचा रंग आठवत नव्हता.

खमके पोलीस म्हणालात ना, तर आणखी एक. जानेवारी ९३ मध्ये रायगडात दिघीला समुद्रातून तस्करीचा माल उतरला. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी गाड्या अडवल्या. अडवल्या बरं का! मग भाव ठरला, रोकड पुरेशी नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या आणि गाड्या पुढे गेल्या. त्यात शस्त्रं होती. पुढच्या महिन्यात शेखाडीला आरडीएक्स उतरलं. या प्रकरणात पोलीस आणि सीमाशुल्क खात्याचे अधिकारी दोषी ठरले, हे कोर्टाच्या निकालात आहे, मी चहाच्या टपरीवर ऐकलेलं नाही. त्या गाड्यांना कुणी मूळ प्रती मागितल्या नाहीत. दोन साक्षीदार मागितले नाहीत. चांदी चालली.

मग जुलै ९३ मध्ये गुन्हेगार-राजकारणी-नोकरशहा यांच्या साट्यालोट्याचा शोध घ्यायला व्होरा समिती नेमली. ऑक्टोबरमध्ये अहवाल तयार, संसदेसमोर आला १९९५ च्या ऑगस्टमध्ये, आणि तोही डझनभर पानांचा. एवढीच साठगाठ होती म्हणायची या देशात! माझ्या अर्जाची फाइल त्यापेक्षा जाड आहे.

आणि दंगलीचं काय? ते तुम्हाला आवडणार नाही, पण ती माणसंही आमचीच. दंगलीची चौकशी करणारा श्रीकृष्ण आयोग मध्येच गुंडाळला, मग पुन्हा उभा केला आणि स्फोटांचा विषयही त्याच्या गळ्यात बांधला. १९९८ च्या फेब्रुवारीत अहवाल दिला, साधारण नऊशे मृत. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारला पुन्हा झापलं तेव्हा कळलं की दंगलीतल्या १६८ बेपत्तांपैकी १०८ जणांच्या घरच्यांना भरपाई मिळालेलीच नाही, कारण सरकारला त्यांचे पत्ते सापडत नाहीत. मतदारयादीत पत्ता सापडतो, वीजबिल पोचतं, निवडणुकीच्या आदल्या रात्री तुमची चिठ्ठी दाराखालून बरोबर आत येते. हिंदू मेला की मुसलमान मेला, बॉम्बने मेला की सुऱ्याने, फाइल एकाच कपाटात जाते आणि त्या कपाटाची किल्ली कायम रजेवर गेलेल्या माणसाकडे असते.

माझं मागणं काय होतं ते एव्हाना मीच विसरायला आलो. कानाचं यंत्र आणि औषधं. बस. यंत्र अडतीस हजारांचं, चार-पाच वर्षांनी बदलावं लागतं. त्याचे सेल आठ-दहा दिवसांत संपतात. पाठीचं ऑपरेशन दोनदा. तेहतीस वर्षांत घरून दहा-बारा लाख तरी गेले असतील, पावत्या जुळवून नाही सांगत. तुमच्या त्या कार्यक्रमाचे फलक, थिएटरचं भाडं, ध्वनिचित्रफीत, जेवण धरून आम्हा सगळ्यांची पाच वर्षांची औषधं आली असती असा माझा अंदाज आहे. चूक असेल तर खर्चाचा तपशील जाहीर करा, मी जाहीर माफी मागतो. पंचेचाळीसाव्या वर्षी नोकरीत 'ऐकू येत नाही' म्हणून मला टेलिफोनच्या टेबलावरून उठवलं आणि जावक विभागात बसवलं. पोरगी लहान असताना रात्री रडायची ते मला कळायचं नाही. बायको मला हलवून उठवायची. ती सांगते, पोरीचं रडणं मी तिच्या अंगाच्या थरथरण्यावरून ओळखायला लागलो होतो. याचं वैद्यकीय प्रमाणपत्र कुठल्या खिडकीवर मिळतं?

यंदाचं आमंत्रण आलं आहे. तोच सिनेमा, तेच थिएटर, पत्रिकेवर या वेळी तुमचा फोटो जरा मोठा. म्हणजे सन्मान करायला मी जखमी आहे आणि औषध द्यायला नाही. एकाच आठवड्यात, एकाच खात्यातून दोन लिफाफे!

मी येणार नाही. शेजारच्या त्या बाई येणार नाहीत, त्या दिवाळीनंतर गेल्या. त्यांच्या नावाचंही आमंत्रण मात्र आलं आहे, 'सहकुटुंब' म्हणून.

तुम्ही वेळेवर जा. पहिली दहा मिनिटं तेवढी पाहा. आणि शाल रजिस्टर टपालाने परत पाठवतो आहे, घडी न मोडलेली. पोहोचल्याची पावती मूळ प्रतीत, साक्षांकित करून, सात दिवसांत धाडावी. अन्यथा प्रकरण निकाली काढण्यात येईल.

कळावे,
एक जखमी (पडताळणी प्रलंबित)
वरळी, मुंबई