तंबोऱ्याच्या खुंट्या सैल करणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

हे तोंडावर सांगायला गेले असते तर "पुरे, सा लाव" म्हणून तुम्ही मला गप्प केलं असतंत. म्हणून लिहिते, आणि चारचौघांत लिहिते.

तुमच्याकडे आले तेव्हा आवाज पार बसला होता. मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, नुसती हवा, तार षड्जाला, वरच्या सा ला, चिरक. स्वरतंतूंवर दोन्ही बाजूंना बारीक गाठी आल्याचं डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं होतं. आधीच्या क्लासात आम्ही सगळ्या मुली काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून, गायचो, कारण क्लासातला तबला काळी पाचचा होता. (हो, एवढंच कारण!) घसा दुखतो म्हटलं की उत्तर ठरलेलं : "रियाझ कमी पडतोय." काळी पाचच्या तार षड्जाला स्वरतंतू सेकंदाला साडेचारशेहून जास्त वेळा एकमेकांवर आपटतात. सुजलेल्या गळ्याकडून तिथे तासभर ताना घोटून घेणाऱ्यांना गुरू म्हणायला आज माझी जीभ रेटत नाही.

तुम्ही पहिल्या दिवशी मला गायलाच सांगितलं नाहीत. चहा दिलात, गावाकडचं विचारत राहिलात आणि बोलताना माझा आवाज कुठे सहज टेकतो ते ऐकत बसलात. मग तुमचा मिरजेचा तंबोरा पुढे ओढलात. तो काळी चारला सुरेख लागलेला होता, संध्याकाळी तुम्हालाच गायचं होतं. तरी खुंट्या सैल करून तो पांढरी चारवर आणलात. आधी जोडाच्या तारा, मग पंचमाची, शेवटी खर्जाची. एवढा उतरवल्यावर जवारी, म्हणजे तारांचा घुमारा, बोलेना, तर पुन्हा तारांखालच्या दोऱ्यांशी झटत बसलात. शेजारी इलेक्ट्रॉनिक तानपुरा होता, बटण फिरवलं असतं तरी भागलं असतं. मी तसं म्हटलंही. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुझा सा आहे, नीट लागू दे."

बाई, इतकी वर्षं मी कुणाच्या तरी सा मध्ये गात होते.

पुढचं सगळं यथावकाश झालं. पहाटेचा खर्जाचा, खालच्या स्वरांचा रियाझ, सैल जबड्याचा आकार, खांदे न उचलता श्वास. खाकरायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. स्पीच थेरपिस्टचे उपकारही विसरणार नाही. गाठी शस्त्रक्रियेशिवाय विरल्या. बाईमाणसाने एवढ्या खाली गायचं म्हणजे कसंसंच वाटतं, असं मी एकदा कुरकुरले, तेव्हा तुम्ही गायिका गंगूबाई हनगलांचं नाव घेतलंत. घशावरच्या उपचारानंतर त्यांचा आवाज जाड झाला तो कायमचा, आणि त्याच आवाजात त्यांनी किराणा घराण्याचं गाणं आयुष्यभर मांडलं. त्यानंतर मी पट्टीबद्दल चकार शब्द काढला नाही.

विद्या पुष्कळांकडे असते हो. शिकायला आलेल्या परक्या पोरीसाठी स्वतःचा लागलेला तंबोरा उतरवणारी माणसं थोडी. आणि तुम्ही काही मऊ नाही. गंधार चढला की तुमचा हात मांडीवर असा आपटतो की पलीकडच्या खोलीतलं मांजर पळतं. पण ओरडा स्वराला बसतो, मला नाही. हा फरक मला फार उशिरा भेटला.

गुरुपौर्णिमेला यमन गाते आहे, पांढरी चारमध्ये. तबलजींना पट्टी आधीच कळवली आहे. फक्त तुम्ही पहिल्या रांगेत बसू नका, मला अजून तुमची भीती वाटते.

तुमची,
पांढरी चारवाली