आईच्या हाती पहारा सोपवणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

परवाच्या सुट्टीत कातळाच्या किनाऱ्यावर तुम्ही आम्हा सगळ्यांना हिंडवलंत. निघताना आम्ही आभार मानायला लागलो, तर तुम्ही "चला चला, पाणी चढतंय" म्हणून विषयच संपवलात. म्हणून हे अनावृत पत्र. तुमचं नाव-गाव यात मुद्दाम घातलेलं नाही. तुमच्या वाचनात आलं तर तुम्ही ओळखालच, आणि दुसऱ्या कुणी वाचलं तर पुढच्या सुट्टीत त्यांच्याही उपयोगी पडेल.

वाळूच्या किनाऱ्यावरची सुट्टी तशी सोपी. मुलांना मोकळं सोडावं, आपण चादर अंथरून बसावं. कातळाच्या किनाऱ्यावर प्रत्येक पाऊल बघून टाकायचं, सावली शोधायची, आणि सहा वर्षांचा मुलगा नि गुडघे धरलेली आजी या दोघांकडे एकाच वेळी लक्ष ठेवायचं. अशा ठिकाणी कोण काय करणार हे आमच्याकडे न बोलता ठरलेलं असतं. नवरा फोटो काढतो, मी "सांभाळून, सांभाळून" करत मागे फिरते, थोरली कंटाळते, धाकटा धावतो आणि आई वर गाडीजवळ बसून सगळ्यांच्या पिशव्या राखते. तुम्ही ही वाटणी मोडलीत. बाकी सगळ्याचे आभार आहेतच, पण मुख्य आभार त्याचे.

थोरलीला तुम्ही भरती-ओहोटीच्या वेळा काढायला बसवलंत. फोन बाजूला ठेव म्हणणारे घरात दोघं असताना तुम्ही म्हणालात, "फोन काढ, आजची ओहोटी किती वाजता ते सांग." मग तिच्या वहीत तुम्ही जो ठोकताळा लिहून दिलात, तो तिला आता पाठ आहे. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यावर ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तासांच्या आसपास वेळ जातो. पाणी जेवढं चढायचं त्याचे बारा भाग करायचे. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात पुन्हा दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे पहिल्या तासात पाणी जागचं हललेलं वाटत नाही, माणूस निवांत होतो, आणि मधल्या दोन तासांत निम्मं पाणी अंगावर येतं. मोठा खडक ओलांडून पलीकडे गेलेली माणसं नेमकी तेव्हा अडकतात, कारण समोरून लाट येते आणि मागची घळही भरलेली असते. "पाणी मागून येतं," असं तुम्ही म्हणालात, ते थोरलीने वहीत ठळक करून ठेवलंय.

तुमचा नियम सोपा होता. ओहोटीच्या दोन तास आधी उतरायचं, पाणी जसं मागे सरेल तसं त्याच्या मागोमाग खाली जायचं, आणि पाणी फिरलं की आपणही फिरायचं. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. एरवी न दिसणारे खालचे कातळ बघायचे तर तेच दिवस. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, तेव्हा फारसं काही उघडं पडत नाही. आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. धाकट्याला यातलं काही नको होतं. जगात सगळ्यात जास्त पाणी कुठे चढतं, एवढंच त्याला हवं होतं. तुम्ही कॅनडातल्या फंडीच्या उपसागराचं नाव घेतलंत, तिथे भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो म्हणालात. घरी आल्यापासून तो दिसेल त्या इमारतीचे मजले मोजतोय.

आता आईचं. आम्ही खाली उतरायच्या तयारीत असताना ती सवयीप्रमाणे गाडीकडे वळली होती. तुम्ही तिला थांबवलंत. भरतीच्या रेषेच्या वरचा, कोरडा आणि पाठ टेकायला जागा असलेला कातळ दाखवलात, तिथवर हात धरून नेलंत आणि म्हणालात, "ताई, ती पांढरी रेघ असलेली शिळा दिसते ना? तिच्या पायथ्याला पाणी लागलं की हाक मारायची. कुणी कितीही 'पाच मिनिटं, पाच मिनिटं' केलं तरी ऐकायचं नाही. आम्ही सगळे खाली मान घालून असणार, वर मान फक्त तुमची."

काका, आमच्या घरात आईच्या हाती बऱ्याच वर्षांत कुणी असं काम दिलं नव्हतं, जे तिने केलं नाही तर अडेल. आम्ही तिला जपतो. जपता जपता तिला सगळ्यातून वगळत आलोय, हे माझ्या लक्षात तुमच्यामुळे आलं. तिने ज्या आवाजात हाक मारली तो आवाज माझ्या लहानपणचा, संध्याकाळी खेळ मोडायला लावणारा. नवरा शेवटचा एक फोटो म्हणाला आणि तिने त्याला नाव घेऊन दटावलं. जावयाला! तो निमूट वर आला.

शिवाय तिचा स्वतःचा शोध वेगळाच. बसल्या जागी कातळाच्या फटीत तिला वाटाण्याएवढ्या काळपट गोगलगाई दिसल्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या. मेलेल्या असतील असं तिला वाटलं. तुम्ही सांगितलंत की जिवंत आहेत. भरतीचे शिंतोडे जेमतेम पोचतात अशा जागी त्या राहतात, आणि ऊन चढलं की तोंडावरचं झाकण घट्ट लावून आतली ओल धरून ठेवतात. मुलं खालून काय काय बघून आली तर आईजवळही दाखवायला काहीतरी होतं. तिने दोघांना रांगेत उभं करून दाखवलं.

खाली उतरण्याआधी तुम्ही आम्हाला नुसतं उभं केलंत, चांगला पाव तास. लाटा बघा म्हणालात. धाकटा वैतागला, खरं सांगायचं तर मीही. पण त्या पाव तासात दिसलं की लहान लहान लाटा येता येता मध्येच तीन-चार मोठ्या एकापाठोपाठ येतात आणि कोरडी वाटणारी एक शिळा पार भिजवून जातात. आकाश निरभ्र, वारा नाही, तरी. कारण ती लाट इथल्या वाऱ्याची असतेच असं नाही. हे मी नंतर वाचलं, तुमच्या बोलण्याला पुरावा म्हणून सांगते: वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटा पॅसिफिकभर मागोवा घेत थेट अलास्कापर्यंत टिपल्या होत्या. हजारो किलोमीटरवरचं वादळ आपल्या पायापाशी येऊन फुटतं आणि आपण म्हणतो आज समुद्र किती शांत आहे.

ओल्या काळ्या आणि हिरव्या कातळावर पाय टाकायचा नाही, खरखरीत दिसतो तिथेच टाकायचा; समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही; कोणी पाण्यात पडलंच तर मागोमाग उडी मारायची नाही, तरंगणारं काहीतरी फेकायचं आणि मदत बोलवायची, आणि पडलेल्याने हातपाय न झाडता उताणं तरंगायचं. हे तुम्ही धाकट्याकडून घोकून घेतलंत. फोटोसाठी कड्याच्या टोकावर जाणाऱ्यांबद्दल तुम्ही जे बोललात ते मी इथे लिहीत नाही, पण माझं मत तेच आहे.

आणि मग तुम्ही आम्हाला कातळातल्या एका डबक्यापाशी बसवलंत. परातीपेक्षा थोडं मोठं असेल. मला वाटलं, यात काय बघायचं! तुम्ही म्हणालात, सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि हलू नका. थोड्या वेळाने कडेला चिकटलेले पांढरट दाणे उघडायला लागले. प्रत्येकातून पिसासारखा एक पंजा बाहेर यायचा, पाणी झाडून घ्यायचा आणि आत जायचा. बार्नेकल. लहानपणी पोहत असते, मग जागा निवडून डोक्याच्या बाजूने कातळाला स्वतःला चिकटवून घेते आणि उरलेला जन्म डोक्यावर उभी राहून पायांनी खाणं आत ओढते. थोरलीने हात पुढे केला, सावली पडली आणि सगळे दाणे एकदम मिटले. तिने हात मागे घेतला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. कंटाळा हा शब्द त्या दिवशी तिच्या तोंडून पुन्हा आला नाही.

शेजारीच शंकूच्या आकाराची लिंपेट होती, म्हणजे कातळाला घट्ट चिकटून बसणारी एक गोगलगाय. नवरा ती ओढून बघणार तेवढ्यात तुम्ही त्याचा हात धरलात. भरती आली की ती शेवाळ खरवडत फिरते आणि पाणी उतरायच्या आत बऱ्याचदा आपल्या ठरलेल्या जागी परत येते, कारण तिच्या शंखाची कड त्याच खळग्याला बसेल अशी झालेली असते. तिथून उपटली तर दुसरीकडे ती तशी घट्ट बसू शकत नाही आणि उन्हात सुकून मरते. तिच्या दातांचं बळही काही साधं नाही. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी मोजलं, तेव्हा तोवर माहीत असलेल्या कुठल्याही नैसर्गिक पदार्थापेक्षा ते मजबूत निघाले. नवऱ्याने हे ऐकून हात खिशात घातले.

धाकट्याचा जीव मात्र शंखात राहणाऱ्या खेकड्यावर जडला. तो शंख त्याचा स्वतःचा नसतो, मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख त्याने घर केलेला असतो. वाढला की मोठं घर हवं. रिकामा मोठा शंख सापडला की कधी कधी असे खेकडे लहान-मोठ्याच्या क्रमाने रांग लावतात. पहिला नव्या शंखात गेला की दुसरा त्याच्या सोडलेल्या शंखात, तिसरा दुसऱ्याच्या. भाड्याच्या घरांची साखळी असते तशी. आम्हाला रांग बघायला मिळाली नाही, पण ऐकल्यावर धाकट्याने खिशात कोंबलेले सगळे रिकामे शंख आपणहून काढून कातळावर ठेवले. आम्ही "टाक ते, टाक ते" म्हणून थकलो असतो. शंकूसारखे नक्षीदार शंख तर हातातही घ्यायचे नाहीत, हे तुम्ही आधीच बजावलं होतं. उष्ण समुद्रातल्या त्या गोगलगाईचा डंख माणसाच्या जिवावर बेतू शकतो.

बादलीत खेकडा घेऊन वर आजीला दाखवायला न्यायची त्याची फार इच्छा होती. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, त्याला डबक्यातल्या पाण्यात बोट बुडवायला लावलंत आणि मग समुद्राच्या पाण्यात. डबकं कोमट झालेलं होतं. उन्हाने पाणी तापतं, आटून खारट होतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. एवढ्या डबक्यात ही गत तर बादलीत काय होईल, ते तूच सांग म्हणालात. त्याने सांगितलं. उलटलेला दगड जसा होता तसाच, वरची बाजू वर करून परत ठेवायचा, हेही त्याने तेव्हाच उचललं, आणि आता घरातली उशीसुद्धा तो तशीच ठेवतो. (हे फार दिवस टिकणार नाही, मला माहीत आहे.)

उन्हाचा तुमचा हिशेबही मला पटला: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की कातळ सोडायचा. लाटांच्या फेसावरूनसुद्धा अतिनील किरणांचा जवळपास चौथा हिस्सा परत फिरतो, त्यामुळे टोपी घातली तरी खालून चेहरा भाजतो. आम्ही वर आलो तेव्हा आमच्या सावल्या पायात आल्या होत्या. बाकी दुपार सगळे आईच्या कातळामागच्या सावलीत पडून होतो. कुणी काही दाखवत नव्हतं, कुणी कुठे जाऊ या म्हणत नव्हतं. अशी दुपार आम्हाला मिळाली नव्हती कितीतरी काळ.

थोरलीने घरी आल्यावर शोधून काढलं की चार्ल्स डार्विन १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं बार्नेकलचाच अभ्यास करत होता. तेव्हापासून ती तुमच्यासाठी एक प्रश्न घेऊन बसली आहे: एकदा चिकटली की सुटका नाही, तर मग चिकटण्याआधी ती जागा पारखते कशी? मी उत्तर शोधून देते म्हटलं तर तिला माझ्याकडून नकोय. पुढच्या उन्हाळ्यातल्या अमावास्या, सकाळची ओहोटी आणि बाबांची रजा असं सगळं जुळवून तिने तारीख काढली आहे. आईने गुडघ्याला बांधायचा पट्टा आत्ताच आणून ठेवलाय. तुम्ही त्या दिवशी कातळावर असाल ना?

तुमची आभारी,
दोन मुलांची आई