मंत्रिमहोदय, बोलन खिंड परवडली, तुमचा जिना नको

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

सरकारी संग्रहातली एकोणिसाव्या शतकातली युद्धचित्रं लोकांसाठी कायमची मांडणार, असं आपण गेल्या वर्षी भर समारंभात जाहीर केलंत. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. परवा साताऱ्याहून पहाटेची एसटी धरून ती पाहायला आलो. लिफ्ट बंद. गुडघे झिजलेले, तरी कठडा धरून वर चढलो, तर दालनाला कुलूप. आत म्हणे सत्काराच्या खुर्च्या ठेवल्यात आणि चित्रं 'खाली' गेलीत. खाली म्हणजे कुठे? साहेबांना विचारा. साहेब दौऱ्यावर. रात्री गुडघा शेकत बसलो, सुनेची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

मला जेम्स अ‍ॅटकिन्सनच्या चित्रातली बोलन खिंड, बलुचिस्तानातली अफगाणिस्तानाकडे जाणारी वाट, पाहायची होती. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेचा सर्जन, १८३९च्या अफगाण स्वारीत होता. त्याच्या रेखाटनांची शिळाछापं १८४२ मध्ये लंडनला निघाली. आभाळात घुसलेले कडे आणि तळाशी शिपाई-उंटांची मुंग्यांएवढी रांग. उंट तीस हजार होते म्हणतात, कुणी जास्तही सांगतं. पाठोपाठ त्याच खिंडीतून मुंबईची फौज गेली. तिच्यात कोकणातले, देशावरचे शिपाई होते, पुढे गझनीला ते लढले. (त्याच वर्षी इकडे कंपनीने आमच्या साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून उतरवलं, हे मंत्रालयात कुणाला आठवतं का?) त्या रांगेत आमच्या मुलखातला कोण होता, हे विचारायला तरी चित्रासमोर उभं राहू द्याल की नाही?

कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये जाऊन या. त्या युद्धात मेलेल्या अधिकाऱ्यांची नावं कोरलीत. बाकीचे शिपाई इतके, की त्यांची नावं देणं शक्य नाही, असं तिथेच लिहिलंय. निदान इंग्रजाने तेवढं लिहून तरी ठेवलं. आपण कुलूप लावलं.

आपलं खातं बहुधा फ्रेंच चित्रकार झाक-लुई दाविदकडून धडे घेतं. त्याने आल्प्स ओलांडणारा नेपोलियन उधळलेल्या घोड्यावर बसवला. १८०० मध्ये ती खिंड ओलांडताना स्वारी खेचरावर होती! चित्रात तोफा ओढणारे सैनिक घोड्याच्या पोटाखाली चिमुकले, आणि खडकावर ठसठशीत कोरलेलं 'बोनापार्ट'. म्हणजे कोनशिलेची हौस जुनीच. आपल्या त्या कुलूपबंद दालनाच्या इमारतीच्या दारातही आपला हसरा फलक आहे, आणि त्याचे दिवे मात्र दिवसाढवळ्या चालू होते.

माहिती अधिकारात विचारलं तर 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही'. संग्रह सरकारचा, यादी सरकारची, आणि संकलन मी करायचं? निम्मा पैसा मांडव, हार आणि फलकांत जातो असं मी म्हणतो; खोटं असेल तर हिशेब छापा. पक्ष कुठलाही येवो, खुर्च्यांना जागा मिळते, चित्रांना नाही. शाळेतला चित्रकलेचा तास याच लोकांनी गिळला, आता चित्रंही गिळायला निघालेत.

ती चित्रं कुठे आहेत, त्यांना ओल लागली आहे का, दालन कधी उघडणार, एवढं लेखी कळवा. मराठी पाट्या मी फुकट लिहून देतो, अक्षर अजून चांगलं आहे. 'आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवण्यात आले आहे' असंच उत्तर येणार असेल तर पोस्टाचा खर्च करू नका. ती पत्रं माझ्याकडे फाईलभर आहेत.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सातारा