डबे नकोत, आठवड्याचे दोन तास द्या

सप्रेम नमस्कार.

1 ते 7 ऑगस्टचा स्तनपान सप्ताह जवळ आला की कुणी ना कुणी भल्या मनाने पावडरच्या दुधाचे डबे आणि बाटल्या घेऊन, सोलापुरात बाळंतिणींना अंगावर पाजायला मदत करणाऱ्या आमच्या महिला मंडळाच्या दारात येतं. गेल्या वर्षी एका ओळखीच्या काकांनी दोन खोकी पाठवली. ती परत करताना आम्हालाच ओशाळल्यासारखं झालं. पण 1992 चा केंद्राचा कायदा आहे. तान्ह्या बाळांसाठीची दूध पावडर आणि बाटल्या अनाथालय सोडून कुणालाही दान म्हणून वाटता येत नाहीत. आणि कायदा नसता, तरी आम्ही ती खोकी ठेवून घेतली नसती.

पूर्व भागातल्या एका घरची गोष्ट सांगते. बाळंतपणाचा तिसरा दिवस. पोर किंचाळतंय, सासूबाई वाटीत मध घेऊन बसलेल्या, आणि सगळं घर एकच वाक्य म्हणतंय, ‘तिला दूधच नाही.’ आमच्याबरोबर तेलुगू येणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी पहिलं विचारलं, मुर्रुपालू कुठं गेलं? म्हणजे चीक. पिवळा, दाट दिसला म्हणून खराब समजून पिळून टाकला होता! बाळाची पहिली लसच म्हणावी असा तो चीक. आता दूध उतरलं होतं, पण दाटून छाती दगडासारखी झालेली, त्यामुळे बाळाच्या तोंडात नुसतं टोक जायचं. ताईंनी कोमट पाण्यात टॉवेल पिळून शेकलं, हाताने थोडं दूध वाटीत काढलं, पुढचा काळा भाग मऊ झाल्यावर बाळाला आईच्या पोटाला पोट लावून आडवं घेतलं. बाळाने मोठा आ केला, हनुवटी छातीला टेकली, आणि मग घोट उतरल्याचा आवाज आला. सासूबाईंनी मधाची वाटी मुकाट्याने उचलून नेली. सगळं मिळून चाळीसेक मिनिटं लागली असतील. तेवढा वेळ त्या बाळंतिणीजवळ तोवर कुणी बसलंच नव्हतं.

दवाखान्यातल्या सिस्टरला दोष द्यायचा नाही, तिच्या वाट्याला किती खाटा असतात ते आम्ही पाहतो. प्रश्न घरी आल्यावरचा आहे. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर. तान्हं बाळ दिवस-रात्रीत आठ ते बारा वेळा पितं. प्रत्येक वेळी सूप बाजूला सारायचं, तंबाखूचे हात साबणाने धुवायचे, साडी बदलायची. तेवढ्या विड्या गेल्या. मग बाटली सोयीची वाटते, आणि छाती कमी रिकामी झाली की दूधही कमी बनतं. त्यातून एप्रिल-मे आपल्या सोलापूरचा! बाळाला घसा कोरडा पडेल म्हणून चमचा-चमचा पाणी पाजतात. सहा महिने पाण्याची गरज नसते, उन्हाळ्यातही नाही; आईच्या दुधात बहुतेक पाणीच असतं. पाण्याचा तांब्या आईच्या उशाशी ठेवा.

तर आम्हाला हवं आहे ते असं. ज्यांनी आपली मुलं अंगावर पाजली आहेत अशा बायका, आठवड्यातून दोन तास. शिक्षणाची अट नाही, प्रशिक्षण आम्ही देऊ. तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्या असाल तर आधी या. विडी कारखान्याच्या शाखांजवळ कुणाची खोली दुपारची रिकामी असेल तर तीही द्या. विड्या जमा करायला आलेल्या आईला पडद्याआड बसून पाजता येईल. दोन खुर्च्या आणि पंखा पुरे.

यंत्रमागवाल्यांना वेगळी विनंती. सेकंडचे टॉवेल आणि मऊ सुती कापड द्या. टॉवेलची गुंडाळी आईच्या कोपराखाली ठेवली की हात भरून येत नाही. कापड लागतं अडीच किलोच्या आतल्या बाळांसाठी. त्यांना उघड्या छातीशी बांधून ठेवायचं, ती कांगारू पद्धत. 1970 च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात, इन्क्यूबेटर अपुरे पडले तेव्हा ती सुरू झाली. बाळ उबदार राहतं आणि आईला पान्हाही लवकर फुटतो. बाप, आजीसुद्धा हे करू शकतात. बापांना सुरुवातीला लाज वाटते, मग पोर खाली ठेवायला तयार होत नाहीत.

पैसे द्यायचे असतील तर महिन्याला 500 रुपये, वर्षभर. त्यातून बाळांचे दोन वजनकाटे आणि घरोघर जाणाऱ्या ताईंचं रिक्षाभाडं निघेल. पावती मिळेल, हिशेब मंडळाच्या फळ्यावर लावू.

एक सांगायचं राहिलं. काही बाळांना वरचं दूध लागतंच. ते डॉक्टर ठरवतील, आणि अशा आईला आमच्याकडे कुणी टोमणा मारणार नाही. मारणाऱ्या बाईला आम्ही पुन्हा पाठवत नाही.

रविवारी सकाळी 11 ते 1 मंडळाच्या खोलीवर या. तान्हं बाळ असेल तर घेऊनच या. आणि घरी बाळंतीण असेल, तर तोवर तिच्या वाटणीची विडीची पानं कापायला दुसऱ्या कुणीतरी बसा.