मंदास, उशिराने

ओहायो
११ मे

प्रिय मंदे,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला आधी भीती वाटली असेल. तसं काही नाही. गेल्या आठ महिन्यांत मी तुला तीन सणांचे फोटो पाठवले आणि तुझे आप्पा गेले तेव्हा चार ओळींचा मेसेज. फोन हातात घेतला होता गं. तू 'उमे' म्हणालीस की मला काय बोलायचं हे सुचणार नाही, म्हणून ठेवून दिला. नंतर दिवस गेले आणि फोन करणं अजूनच अवघड होऊन बसलं. हे पत्र आप्पांसाठीच आहे, पण सशांपासून सुरुवात केल्याशिवाय मला तिथवर येता येणार नाही. वाच शांतपणे.

तब्येती बऱ्या आहेत. माझी थायरॉइडची गोळी चालू, सुहासची पाठ होती तशी.

तर ससे. ईराने तीन वर्षांपूर्वी शाळेतल्या मैत्रिणीच्या नादाने एक जोडी आणली, हे तुला ठाऊक आहे. 'खिलार बैलांच्या गावातली पोरगी आणि ससे पाळती,' म्हणून तू फोनवर किती हसली होतीस! आता गॅरेजमध्ये अकरा पिंजरे आहेत. गाडी बारा महिने बाहेर उभी असते, सुहास हिवाळ्यात रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडतो आणि तरी सशांना एक शब्द बोलत नाही. उन्हाळ्यात पाण्याच्या बाटल्या गोठवून प्रत्येक पिंजऱ्यात एकेक ठेवायची, ससा तिला अंग लावून पसरतो. थंडी त्यांना चालते, उकाडा जिवावर बेततो. नराला उकाडा लागला तर काही आठवडे पिल्लंच होत नाहीत. साथीच्या आजाराची लस तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा, नंतर दरवर्षी. हे सगळं ईरा वहीत लिहून ठेवते. अगदी आप्पांसारखी, त्यांच्या त्या लाल वहीत गाय कधी भरवली, कधी व्याली, खोंड की कालवड, सगळं असायचं तसंच.

आमची जात हॉलंड लॉप. पडक्या कानांची, अगदी लहान चणीची. वजन चार पौंडांच्या वर गेलं की प्रदर्शनातून बाद, म्हणजे साधारण १.८ किलो. डोकं चेंडूसारखं, मान दिसता कामा नये, कान गालालगत चमच्यासारखे लोंबलेले, खांदे रुंद आणि मागचा पुठ्ठा भरलेला. पुठ्ठा हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. पहिल्यांदा एका परीक्षकाने सशाच्या पाठीवरून मागपर्यंत तळवा फिरवला ना, तेव्हा मला खरसुंडीची चैत्रातली यात्रा आठवली. आप्पा बैलांवर असाच हात फिरवायचे आणि गिऱ्हाइकाकडे न बघता बोलायचे.

इथली प्रदर्शनं जत्रेच्या मैदानावरच्या पत्र्याच्या हॉलमध्ये भरतात. लांब टेबलावर गालिच्याचा तुकडा, मागे ओळीने छोटे खण, एकेका खणात एकेक ससा. परीक्षक एकेक उचलतो, दात बघतो, वरचे खालच्यांवर नीट बसतात का. नखं मोजतो, एखादं नसलं तर बाद. पोटाखाली, शेपटीला, कानात बघतो. डाव्या कानात आपण गोंदलेला नंबर असतो, तो नसला तरी बाद. (आपल्याकडे आज्यांच्या हातावर तुळस गोंदलेली असायची, इथे सशाच्या कानात आकडे!) कुणाचा ससा कुठला हे मालकाने तोंडातून काढायचं नाही. शंभरातले ऐंशीहून जास्त गुण नुसत्या ठेवणीला, रंगाला अगदी थोडे. मग रिबन. मंदे, त्या रिबनीत पैसा नाही, शंभर मैलांच्या पेट्रोलचाही खर्च निघत नाही. तरी पहाटे चारला उठून मी स्वतः डबे भरते. मला ते आवडतं. चांगलं जनावर टेबलावर पुढचे पाय टेकवून मान वर करून बसतं तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो.

आमचा नर, पिंट्या, त्याला दोन लेग मिळाले होते. म्हणजे निदान तीन मालकांची मिळून पाच जनावरं असलेल्या गटात पहिला आला की एक लेग. असे तीन, आणि तेही कमीत कमी दोन वेगळ्या परीक्षकांच्या हातून, आणि जनावराची नोंदणी झालेली असली, की ग्रँड चॅम्पियन. दोन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी तिसरा लेग झाला. गटातच नाही, त्या दिवशीच्या मुलांच्या प्रदर्शनात हॉलंड लॉपमध्ये सर्वोत्तम ठरला. ईराने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. मी आईला तिथूनच फोन लावला.

संध्याकाळी सातला घरी आलो. टिकली, आमची गाभण मादी, घरीच होती, गाभणपणाचा एकतिसावा दिवस. सकाळी छातीचे केस उपटून खोक्यात मऊ अंथरूण करून ठेवलं होतं तिने. ईराने गॅरेजचा दिवा लावला आणि केसांत हात घातला. पाच पिल्लं, पाची जिवंत. पण दोन नेमकी ज्याची भीती होती तशी होती.

तुला हे समजावून सांगायला हवं. ही ठेंगणी ठेवण एका जनुकामुळे येते. ठेंगण्या सशाकडे ते एकच असतं, दुसरं साधं असतं. ठेंगणा नर आणि ठेंगणी मादी लावली की पिल्लांत सरासरी चारातलं एक साधं, मोठ्या चणीचं होतं, दोन ठेंगणी होतात आणि एकाच्या वाट्याला दोन्हीकडून तेच जनुक येतं. ते जगत नाही. जन्मताच भावंडांच्या निम्मं, डोकं फुगीर, कान इवलेसे, मागचं अंग चिमटलेलं. तीन-चार दिवसांत जातं, त्याला औषध नाही. ससेवाले त्याला पीनट म्हणतात. हे मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, 'सशाला शेंगदाणे कशाला घालता गं, पोट बिघडंल.' त्या रात्री ईराला हे सांगितलं तेव्हा ती रडता रडता हसली.

आम्हाला पहिली जोडी दिली त्या शेजारच्या काउंटीतल्या आजींनी फोनवर एवढंच सांगितलं, 'बाजूला काढ आणि बघत बसू नकोस.' त्या चाळीस वर्षं हे करतायत, त्यांच्या बोलण्यात क्रूरपणा नव्हता. पण ईरा ऐकेना. सिरिंजने थेंब थेंब दूध, गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून. तीन रात्री गॅरेजमध्ये झोपण्याची पिशवी टाकून ती तिथेच. एक सोमवारी गेलं, दुसरं मंगळवारी पहाटे. ते दुसरं माझ्या तळहातात गेलं. अंगठ्याएवढं होतं, आणि कातडीखाली शेवटपर्यंत काहीतरी हलत होतं.

सकाळी मेपलच्या बुंध्याशी खड्डा केला. हात धुताना ईरा म्हणाली, "आई, तुला आधीपासून माहीत होतं ना?"

होतं. तिला नियम म्हणून ठाऊक होता, वहीत चौकोन काढून तिने तो सोडवलेलाही होता. पण त्याआधीच्या दोन वेतांत एकही तसं निघालं नव्हतं, नशीब म्हणायचं. आकड्यातलं एक चतुर्थांश आणि हातातलं एक यात फरक असतो, तो मला कळायला हवा होता. मला कळलाही होता. टिकलीला पिंट्या लावायचा हे ठरवलं मी. त्यांची डोकी बघून, मुलं किती सुंदर होतील या हावेने.

मग तिने गौरीचं काढलं. गौरी आमची मोठ्या चणीची मादी, त्याच घराण्यातली, पण ठेंगणं जनुक न आलेली. प्रदर्शनात तिला कुणी उभं करत नाही, वजनातच बाद. ईराचा तिच्यावर फार जीव. गेल्या दिवाळीत मी ती पाळायला म्हणून एका कुटुंबाला देऊन टाकली, पिंजरा अडतो म्हणून. ईरा दोन दिवस जेवली नाही आणि मी तिला काय सांगितलं माहितेय? 'सगळीच ठेवता येत नाहीत, बाळा.' अगदी हेच शब्द, मंदे.

आता गणित बघ. ठेंगण्या नराला अशी मोठी मादी लावली तर अर्धी पिल्लं ठेंगणी, अर्धी साधी आणि मरणारं एकही नाही. ठेंगण्यांचं प्रमाण तेवढंच, अर्धं! शिवाय मोठी मादी सुखाने विते, दूधही भरपूर. मी हे खाद्याच्या पिशवीच्या मागे पेनाने मांडून बसले होते मंगळवारी रात्री. मरायचं त्याच्या जागी एक साधं पिल्लू जगतं, एवढाच फरक. पण त्याला पिंजरा लागतो, घर शोधावं लागतं, आणि त्याला रिबन मिळत नाही. मी गौरीच्या त्या लोकांना फोन केला. त्यांनी तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून घेतलंय, इथे पाळीव सशांचं करतातच. छान राहतेय म्हणाले. सोफ्यावर झोपते.

ही जात ज्याने घडवली तो हॉलंडमधल्या टिलबुर्गचा आद्रियान द कॉक. १९४९ मध्ये त्याने मोठ्या पडक्या कानांच्या फ्रेंच लॉपशी नेदरलँड ड्वार्फची जोडी लावायला घेतली. सुरुवातीला कान उभेच राहायचे, मग त्याने इंग्लिश लॉप मिसळला. १९६४ मध्ये तिथे मान्यता मिळाली. पंधरा वर्षं! पूर्वी हे वाचलं तेव्हा मला त्या माणसाच्या चिकाटीचं केवढं कौतुक वाटलं होतं. ते ठेंगणं जनुक त्या ड्वार्फकडूनच आलेलं आहे. आता मला फक्त त्याच्या घरामागची माती दिसते.

आता मुद्द्यावर येते. १९९३, आपलं दहावीचं वर्ष. तुमच्या हरणीला खोंड झालं होतं, पांढरंशुभ्र, खूर काळे, आणि पाठीवर कण्याच्या एका बाजूला भोवरा. त्या जागेचा भोवरा असला की गिऱ्हाईक हात लावत नाही. आप्पांनी सात महिने सांभाळलं आणि मग आटपाडीच्या बाजारात व्यापाऱ्याला दिलं. ते पुढे कुठे जाणार हे तुला, मला, सगळ्यांना माहीत होतं. तुझ्या अंगणात, तुझ्या आईसमोर मी म्हणाले होते, 'तुझा बाप खाटीक आहे.' आप्पा आत जेवत होते. ते बाहेर आले, मला वाटलं मारतील. ते म्हणाले, 'सगळीच ठिवता येत न्हाईत, पोरी,' आणि हात धुऊन गोठ्यात गेले.

तू दोन महिने बोलली नाहीस. बोललीस तीही प्रिलिमच्या दिवशी, 'कंपास दे,' एवढंच. (सायकलच्या भांडणात मात्र चूक तुझीच होती, ती मी अजून मान्य करणार नाही.) आपण पुन्हा कधी तो विषय काढला नाही. तुझ्या लग्नात आप्पांनी मला आग्रहाने दोन जिलब्या जास्त वाढल्या, आणि मला वाटलं, मिटलं. मी माफी कधी मागितली नाही. पुढच्या वेळी गावाला गेले की, असं प्रत्येक वेळी ठरवायची. गेल्या वर्षी जानेवारीत आले तेव्हा ते ओट्यावर शाल पांघरून बसले होते, मी पाया पडले, त्यांनी ईराला विचारलं, 'सशाचं दात बगतीस का गं?' तिने कुठला दात कसा बघतात ते दाखवलं आणि ते किती मन लावून ऐकत होते. मी तिथेच उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं.

मला आज असं वाटत नाही की त्यांनी केलं ते बरोबर होतं. पण ते त्या रात्री गोठ्यात बराच वेळ होते, तू नंतर कधीतरी मला सांगितलं होतंस. ते तिथे काय करत होते हे मला आता कळतं. सोळाव्या वर्षी ज्या तोंडाने मी ते बोलले, त्याच तोंडाने दिवाळीत ईराला त्यांचेच शब्द ऐकवले. आताही ती मला त्यावरून काही बोलली नाही. फक्त पिंट्याची रिबन खिळ्यावर लावली नाही, खणात ठेवली.

मंदे, मला माफ कर. त्यांच्यापाशी मागायची ती तुझ्यापाशी मागतेय.

पुढचं अजून ठरलेलं नाही. ससे सोडायचे नाहीत, ईराही सोडा म्हणत नाही. ती म्हणते, यापुढे टिकलीला ठेंगणा नर लावायचा नाही. त्या आजींकडून एक मोठ्या चणीची मादी येणार आहे, कवडीमोलाने देतायत. साधी पिल्लं होतील त्यांना घरं शोधायचं काम माझं, असं तिने लेखी घेतलंय माझ्याकडून, वहीतच. उरलेल्या तीन पिल्लांचे डोळे उघडलेत. त्यातलं एक फार सुरेख आहे, डोकं बापावर गेलंय, आणि ते सांगतानाही मला जरा कसंतरी होतंय.

ओमकारचे पेपर कसे गेले? तुझी बदली विट्याला झाली की अजून लटकवून ठेवलंय? दाजींना नमस्कार. काकूंना एकटं वाटत असेल, माझा फोन नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये घालून दे, मी रविवारी करत जाईन. नक्की.

आणि एक काम. त्या खोंडाचं नाव मला आठवत नाही. आप्पांनी ठेवलं होतं, नाव ठेवल्याशिवाय ते कुठलंच जनावर बांधायचे नाहीत. लाल वही काकूंनी जपून ठेवली असेल तर १९९३चं पान बघशील? ईरा रोज विचारतेय.

तुझी,
उमा