तारखा मोजायच्या की तास?

नाशिक,
१२ मार्च २०२६

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "प्रोग्राममध्ये दोन तारखांमधले दिवस काढायला तयार कोडची लायब्ररी कशाला? मिलिसेकंदांची वजाबाकी कर, ८,६४,००,००० ने भाग, संपलं." तेव्हा माझ्यासमोर पॅकहाऊसची माणसं बसली होती, म्हणून वाद घातला नाही. पण तू आता मालवाहतुकीच्या सॉफ्टवेअरच्या कामात शिरतोयस, तेव्हा नीट लिहितो. आकडे समोर असल्याशिवाय ही गोष्ट पटत नाही.

खरी गोम अशी, की तुझा भागाकार आपल्याकडे बसून सहसा चुकतच नाही. आपलं घड्याळ बाराही महिने ग्रिनिच प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे. इथल्या लॅपटॉपवर प्रत्येक दिवस २४ तासांचा, म्हणून सगळ्या टेस्ट पास. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला मात्र येत्या २९ मार्चला, रविवारी, उन्हाळी वेळेसाठी पहाटे दोनची घड्याळं थेट तीनवर जातील. तो दिवस २३ तासांचा. तिथल्या वेळेनुसार २८ तारखेच्या ००:०० पासून ३१ तारखेच्या ००:०० पर्यंत तास होतात ७१. भागाकार २.९६, अपूर्णांक सोडलास की २. कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलंस तर ३. बंदरात कंटेनर फुकट ठेवायची मुदत तिथल्या तारखांनी मोजली जात असेल, तर तुझी स्क्रीन एक दिवस शिल्लक दाखवत राहील आणि तिकडे भाडं चालू झालेलं असेल.

तू म्हणशील, राउंड करू. २.९६ चे ३ होतील, खरंय. पण त्यानं तूट झाकली जाते, एवढंच. दोन्ही टोकांना मध्यरात्रीऐवजी खऱ्या वेळा आल्या की तेही कोसळतं: सोमवारी रात्री अकरा ते मंगळवारी पहाटे एक हे दोनच तास, राउंड केलेस तर शून्य, आणि तारीख तर बदललेली. आणि पॅसिफिकमधल्या सामोआचं काय करशील? त्यांनी २०११ साली आपला देश वाररेषेच्या पलीकडच्या बाजूला नेला, तेव्हा ३० डिसेंबर हा शुक्रवार त्यांच्याकडे उगवलाच नाही. पंचांगात तिथीचा क्षय होतो, तसा अख्ख्या वाराचा क्षय! तिथे २९ ते ३१ मध्ये तास २४, तारखांचा फरक मात्र २. तिथे व्याज मोजायचं असेल तर कुठला आकडा धरायचा हे प्रोग्रामरनं ठरवायचं नसतं, पण निदान विचारायला तरी हवं.

आता माझ्या रोजच्या धंद्यातली गोष्ट. निर्यातीच्या द्राक्षांत शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात औषधागणिक ठरावीक दिवस जावे लागतात, नाहीतर अंश मर्यादेबाहेर निघतो आणि माल अडकतो. समज, औषधाला १५ दिवस हवेत. बागाईतदाराच्या वहीत फवारणी १ मार्च. त्या नोंदीला वेळ नाही, टाइमझोन नाही, नुसती तारीख आहे. पण कुणीतरी ती डेटाबेसात क्षण म्हणून ठेवतो: भारतातल्या १ मार्चची मध्यरात्र, म्हणजे यूटीसीत (संगणक वापरतात त्या ग्रिनिचच्या जागतिक वेळेत) २८ फेब्रुवारी, १८:३०. हे १८:३० तू कुठल्याही भारतीय कंपनीच्या लॉगमध्ये बघ, ढिगानं सापडेल. काढणीची नोंद मात्र मोबाइलवरून १५ मार्चला सकाळी ९ ची, म्हणजे यूटीसीत १५ मार्च, ०३:३०. यूटीसीवर चालणारा सर्व्हर दोन्हींच्या तारखा काढतो: २८ फेब्रुवारी आणि १५ मार्च. फरक १५, हिरवी खूण. प्रत्यक्षात दिवस गेलेत १४. इथे घड्याळ कुणी पुढेमागे केलेलं नाही, फक्त तारखेला क्षण समजलं गेलं. मला या प्रकाराचा सगळ्यात जास्त राग येतो, कारण चूक सोयीच्या बाजूनं होते आणि सोयीची चूक कुणी तपासत नाही.

प्रवासाचे दिवस हा वेगळाच तमाशा. समज, रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर नाशिकहून ५ मार्चला सकाळी १० ला निघाला आणि रॉटरडॅमला १ एप्रिलच्या रात्री साडेअकराला पोचला. त्या वेळी आपल्याकडे २ एप्रिलचे पहाटेचे तीन. आपल्या कॅलेंडरनं २८ दिवस, त्यांच्या कॅलेंडरनं २७. दोन्ही बरोबर! म्हणून कोड लिहिण्याआधी विचारायचं, दिवस कुणाचा? करारात ते लिहिलेलं नसेल तर लिहून घे, मेलवर का होईना.

उत्तर मिळालं की काम सोपं. दोन्ही क्षण त्याच एका झोनमध्ये न्यायचे, वेळ टाकून द्यायची, उरलेल्या तारखांची वजाबाकी करायची. झोनचं नाव पूर्ण ठेव, 'युरोप/अ‍ॅमस्टरडॅम' असं. नुसतं 'ग्रिनिच अधिक एक तास' लिहिलंस तर २९ मार्चनंतर ते खोटं ठरेल. जावा भाषेत आधी लोकलडेट (नुसती तारीख) करून मगच ती फरक मोजणाऱ्या क्रोनोयुनिटला दे. झोनसकट वेळ दिलीस तर तो पूर्ण झालेले दिवस मोजतो आणि वरच्या अकरा ते एकला शून्य म्हणतो. जावास्क्रिप्टमध्ये नुसती '२०२६-०३-०५' अशी तारीख वाचायला दिलीस तर ती यूटीसीची मध्यरात्र धरली जाते. आपल्याकडे ती पाच तारखेचे पहाटेचे साडेपाच होते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. न्यूयॉर्कच्या माणसाला तीच चार तारीख दिसते.

आणि पहिला दिवस धरायचा की नाही हे मी मुद्दाम सोडलंय. तो प्रश्न ग्राहकाचा, आणि प्रत्येक ग्राहक वेगळं सांगतो.

कोड झाला की टेस्टमध्ये मशीनचा झोन आधी न्यूयॉर्क, मग ऑकलंड लावून बघ, आणि २९ मार्चच्या आधी मला पाठव. काकूंना नमस्कार. यंदा काढणी अजून आटोपलेली नाही, त्यामुळे पुण्याला यायचं एप्रिलशिवाय जमणार नाही.

तुझा,
अण्णा