अनुभव आहे, पण कागद नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील नोकरीच्या जाहिराती मी निवृत्तीनंतरही रोज वाचतो. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर व्यवसायाचा शिल्प निदेशक असताना लागलेली ती सवय आहे, आणि माझे जुने विद्यार्थी अजूनही त्या जाहिरातींची कात्रणे घेऊन घरी येतात. बहुतेक जाहिरातींत किमान एक वर्षाच्या अनुभवाची अट असते. कुणी कामच दिले नाही तर अनुभव यायचा कुठून, हा मुलांचा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर पुष्कळ लिहूनही आले आहे. मला त्याच प्रश्नाची दुसरी बाजू मांडायची आहे. मराठवाड्यातल्या कितीतरी तरुणांकडे अनुभव असतो, पण तो कागदावर कुठेही उतरलेला नसतो, आणि म्हणून वर्ष-दीड वर्ष राबूनही मुलाखतीच्या दिवशी ते नवखेच ठरतात.

गेल्या महिन्यात असाच एक विद्यार्थी माझ्याकडे आला. फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून तो वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत लागला आणि चौदा महिने टिकला. पहिले सात महिने एका ठेकेदाराच्या नावावर गेले, पुढचे सात दुसऱ्याच्या. यंत्र तेच, सुपरवायझरही तोच. मग ऑर्डर कमी झाली आणि ‘उद्यापासून येऊ नको’ एवढ्यावर काम संपले. पुढे शेंद्र्याच्या एका कारखान्यात मुलाखतीला गेल्यावर अनुभवाचा दाखला मागितला गेला, तेव्हा त्याने खिशातून गेटपास काढून टेबलावर ठेवला. तोच गेटपास त्याने मला दाखवला. प्लास्टिकचे आवरण कोपऱ्यांत सुटलेले, फोटो घामाने पुसट झालेला, ठेकेदाराचा शिक्का निम्माच उमटलेला, आणि हुद्द्यापुढे एकच शब्द: हेल्पर.

तू तिथे नेमके काय करत होतास, असे मी त्याला विचारले. सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर जॉब (घडवायचा सुटा भाग) लावणे-काढणे, दर तासाला पाच नगांचा व्यास बोअर गेजने तपासून रजिस्टरमध्ये लिहिणे, माप मर्यादेच्या कडेला सरकू लागले की यंत्र जुळवून देणाऱ्या सेटरला बोलावणे, आणि शेवटच्या तीन महिन्यांत सेटर रजेवर असला तर ऑफसेटही, म्हणजे यंत्रातली मापाची दुरुस्तीही, स्वतःच देणे, असे तो सांगत गेला. हे हेल्परचे काम नव्हे. इतके येणाऱ्या मुलाला कोणताही जाणता फोरमन पाळीवर उभा करील. परंतु मुलाखत घेणाऱ्यापुढे मुदत संपलेला गेटपास होता आणि त्यावर जे छापले होते तेवढेच त्याने वाचले. त्याला मी दोष देत नाही.

याबाबत कायद्यात तरतूद नाही असे मुळीच नाही. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्याखालील केंद्रीय नियमांतही काम संपताना सेवा प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी ठेकेदारावर टाकलेली होती. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पन्नास किंवा अधिक कंत्राटी कामगार जेथे आहेत, तेथे कामगाराने मागणी केल्यास त्याने केलेल्या कामाचा तपशील नमूद करणारे अनुभव प्रमाणपत्र ठेकेदाराने द्यायचे, असे या संहितेचे ५६ वे कलम सांगते. केलेल्या कामाचा तपशील, हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण त्या तपशिलातच हेल्पर आणि ऑपरेटर यांच्यातला फरक असतो.

माझे मन अडते ते ‘मागणी केल्यास’ या शब्दांपाशी. बजाजनगरात पाच-सहा जणांत खोली करून राहणारा, डब्याचे आणि भाड्याचे पैसे देऊन उरलेले गावी पाठवणारा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा ही मागणी करणार कशी? असे कलम आहे हे त्याला कुणी सांगितलेले नसते. सांगितले तरी, ठेकेदाराची नाराजी ओढवली तर पुढच्या कामाला बोलावणार नाहीत, ही धास्ती असते, आणि ती खोटी नाही.

भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर निदान एक पुरावा हाताशी राहतो. यूएएन, म्हणजे या निधीचा कामगाराचा कायमचा खाते क्रमांक, चालू करून घेतला की पासबुकात कोणत्या आस्थापनेने कोणत्या महिन्याचा भरणा केला हे दिसते. शिवाय १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात प्रथमच नोकरीला लागून या निधीत नोंद झालेल्या, महिना एक लाख रुपयांपर्यंत वेतन असलेल्या तरुणांना प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेतून कमाल १५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळायचे आहेत, तेही अनुक्रमे सहा आणि बारा महिने नोकरी झाल्यावर. तेव्हा पहिल्या पगारापासूनच मुलांनी हे पासबुक पाहत राहावे. काम कोणते केले हे मात्र त्यात कुठेही नसते.

ठेकेदारीबाहेरही हेच आहे. माझ्या शेजारची वाणिज्य शाखेची मुलगी जालन्याच्या मोंढ्यातील एका अडत दुकानात तीन हंगाम टॅलीवर हिशेब सांभाळत होती. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, हमालीची कपात, रोजची आवक-जावक, सारे तिच्याच हातचे. तिच्या बायोडाटात अनुभवाच्या रकान्यात तिने ‘निरंक’ लिहिले होते, कारण दुकानातले काम म्हणजे नोकरी नव्हे अशी तिचीच समजूत होती. मी तिला मालकाकडे पाठवले. त्यांनी त्याच दिवशी लेटरहेडवर दहा ओळी लिहून दिल्या आणि वर विचारले, ‘अगं ताई, आधी का नाही मागितलंस?’

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि जालन्याच्या उद्योजकांना: ठेकेदाराचे अंतिम बिल मंजूर करण्यापूर्वी काम सोडलेल्या प्रत्येक कामगाराला प्रमाणपत्र दिल्याची पोहोच त्याच्याकडून मागावी, म्हणजे मुलांना कुणापुढे तोंड वेंगाडावे लागणार नाही. दुसरी विनंती माझ्या निदेशक बांधवांना: रोजगारक्षमता कौशल्याच्या तासाला आपण बायोडाटा लिहून घेतोच, त्याच तासाला या प्रमाणपत्राच्या मागणीचा अर्जही प्रत्येक मुलाकडून एकदा लिहून घ्यावा.

त्या विद्यार्थ्याने असा अर्ज माझ्या ओसरीवर बसून दोन प्रतींत लिहिला आणि दोन्ही ठेकेदारांच्या कार्यालयांत स्वतः नेऊन दिला. एकाने दुसऱ्या प्रतीवर पोहोच दिली. दुसऱ्याने अर्ज ठेवून घेतला, सही दिली नाही. प्रमाणपत्र अद्याप कुणाचेच आलेले नाही. त्या अर्जाचा मसुदा, नाव-गाव वगळून, सोबत जोडला आहे. आठवड्यातून एकदा नोकरीच्या जाहिरातींशेजारी त्याला चार इंच जागा द्यावी, ही आपणास विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक
अंबड, जि. जालना